दुसरी पार्टी

चेंबूरला राहतो म्हटले की पूर्वी दादर-परळची पाहुणेमंडळी 'लांब पडतं बुवा' म्हणायची. मग २०१३ साली ईस्टर्न फ्रीवे सुरू झाला, २०१४ साली मोनोरेल आणि सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्ता आला. टिळकनगर, सुभाषनगरातल्या म्हाडाच्या जुन्या इमारतींच्या जागी टॉवर उभे राहू लागले. आर. के. स्टुडिओची जागासुद्धा २०१९ साली गोदरेज प्रॉपर्टीजने घेतली. तिथे आमच्यासारख्यांची काय कथा!

पण मुलगी दहावीत गेली. दहा बाय बाराच्या खोलीत टीव्ही बंद ठेवला तरी अभ्यास होईना. २०२३ ला म्हाडाच्या मुंबई मंडळाची सोडत निघाली, तेव्हा अर्ज भरला. घरे ४,०८२ आणि अर्ज लाखाच्या वर. अनुसूचित जातींसाठी ११ टक्के राखीव असतात खरी, पण तिथेही आपलीच माणसे हजारोंनी. आमची अनामत परत आली.

पुढे एका दलालाने घाटल्यात जुन्या सोसायटीतली वन रूम किचन दाखवली. पतपेढीचे कर्ज, फंड आणि मंगळसूत्र सोडून बाकीचे सोने धरून कसाबसा मेळ बसला. टोकन द्यायला गेलो तर दलाल म्हणाला, "दुसरी पार्टी एक लाख जास्त देतेय." आम्ही चढलो. आठवड्याने तो पुन्हा म्हणाला, "पार्टी अजून चढली." असे तीनदा झाले. त्या न पाहिलेल्या पार्टीला आम्ही रात्री अंथरुणावर पडून काय काय बोललो, ते इथे लिहिण्यासारखे नाही.

रविवारी विहारात वंदना झाल्यावर मागच्या गल्लीतली बाई जवळ सरकली. "ताई, घाटल्याला खोली बघितलीय. पतपेढीला जामीनदार लागतो, तुम्ही राहाल का?"

कुठली सोसायटी, कितवा मजला, सगळे विचारून झाले. तीच खोली! घटकाभर दोघींनाही एकमेकींकडे बघवेना. त्यांच्या घरी पाच माणसे, त्यात सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या.

संध्याकाळी चहाला दोन्ही घरे बसली आणि पहिल्या भावाच्या वर कुणीच जायचे नाही, असे ठरवून दलालाला तसे सांगितले. तो हसला. आठ दिवसांत बाहेरचा गिऱ्हाईक आला आणि खोली गेली.

मुलगी आता त्यांच्या पोटमाळ्यावर अभ्यासाला जाते. पुढच्या सोडतीचे दोन्ही अर्ज तीच भरणार आहे. ज्याचा नंबर लागेल त्याला दुसऱ्याने जामीन राहायचे, एवढे बोलून ठेवले आहे.