नाव आणि रस्त्याचा नंबर

सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला न्यूयॉर्कभर कुणीतरी नुसतं 'टाकी १८३' लिहीत सुटला होता. घोषणा नाही, शिवी नाही, प्रेमाची कबुलीही नाही. टाकी हे डिमिट्रियस नावाच्या पोराचं ग्रीक घरातलं लाडाचं नाव आणि १८३ हा त्याच्या रस्त्याचा नंबर. पोरगा मॅनहॅटनच्या उत्तर भागात राहायचा, सामान पोहोचवायची नोकरी करायचा आणि जाईल तिथे खिशातला मार्कर काढायचा. २१ जुलै १९७१ ला 'न्यूयॉर्क टाइम्स'ने त्याच्यावर बातमी छापली. मग काय, गल्लोगल्लीच्या पोरांनी मार्कर उचलले.

पहिला तो नव्हेच. त्याच्याआधी ज्युलिओ २०४ होता. फिलाडेल्फियात कॉर्नब्रेड तर साठच्या दशकातच भिंती भरवत होता. पेपरात चुकून त्याच्या मरणाची बातमी आली, तेव्हा त्याने म्हणे प्राणिसंग्रहालयातल्या हत्तीवरच आपण जिवंत असल्याचं रंगवलं. किस्सा त्याचाच आहे. खरा असो, असं मला मनापासून वाटतं!

टाकीने 'टाइम्स'च्या त्या बातमीत केलेला सवाल मात्र डोक्यातून जात नाही. निवडणुका आल्या की उमेदवारांची माणसं स्टेशनभर स्टिकर डकवतात, त्यांना का धरत नाही? चौकातल्या 'भावी नगरसेवकां'च्या फ्लेक्सखालून जाणाऱ्याला हे काही वेगळं सांगायला नको. तरीही माझ्या दारावर कुणी असं नाव ओढलं, तर मी त्याची बाजू घेईन का? छे. थिनर आणि फडकं घेऊन बसेन.

पुढे मार्कर जाऊन स्प्रेचे डबे आले. पोरांनी त्यांना रुंद नोझलं बसवली. अक्षरं फुगली, एकमेकांत गुंतली, रेल्वेच्या आख्ख्या डब्यावर पसरली. ही मुलं स्वतःला 'रायटर' म्हणवून घेत. रात्री यार्डात रंगवलेलं नाव सकाळी शहरभर फिरे. १९७६ मध्ये ली किन्योनेस आणि त्याच्या साथीदारांनी दहा डब्यांची पूर्ण गाडीच रंगवली. तीनच वर्षांनी लीचे कॅनव्हास रोमच्या गॅलरीत लागले. इकडे रेल्वेने रंगलेला डबा धुतल्याशिवाय सोडायचाच नाही, असा खाक्या धरला आणि १२ मे १९८९ ला सगळ्या गाड्या स्वच्छ झाल्याचं जाहीर केलं.

टाकी त्याच्या कितीतरी आधी थांबला होता. पुढे त्याने मोटारदुरुस्तीचं गॅरेज चालवलं. लीच्या रंगांपुढे मी थक्क होतो, पण ओढ वाटते ती टाकीच्या त्या रेघोट्यांचीच. त्यांना सुंदर दिसायचीसुद्धा हौस नव्हती.