झीज

ट्रॅक्टर थकला हे शेतकऱ्याला प्रथम धुरावरून कळते. नांगर ओढताना निळसर धूर येतो, इंजिनाचे तेल वरचेवर भरावे लागते, आणि थंडीच्या सकाळी यंत्र लवकर सुरू होत नाही. नवा घ्यायचा तर कर्ज; म्हणून रब्बीच्या तोंडावर जुन्याचेच इंजिन मिस्त्र्याच्या दारी उतरते.

मॅसी फर्ग्युसन ३५ मधील पर्किन्सचे डिझेल इंजिन या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. सिलिंडर तीन, व्यास ९१.४ मिलिमीटर, पिस्टनची धाव १२७ मिलिमीटर. हेड काढल्यावर मिस्त्री मापयंत्र घेण्याआधी लाइनरच्या आतून नख फिरवतो. वरच्या टोकाशी ते एका कंगोऱ्याला अडते. सर्वांत वरची रिंग जिथवर पोचते तिथवर भिंत झिजलेली असते, त्यावरची थोडी जागा अजून मूळची. ट्रॅक्टराचे खरे वय त्या कंगोऱ्यात असते.

लाइनर बदलता येतो. क्रँकशाफ्टचे तसे नाही. त्याचे झिजलेले जर्नल घासून पुन्हा गोल करावे लागतात. प्रथम इंचाचे दहा सहस्रांश, पुढे वीस, मग तीस. त्या-त्या मापाची बेअरिंगे मिळतात. त्यापलीकडे सहसा शाफ्टच बदलावा लागतो. म्हणून दहावर भागत असता वीस उतरवणारा मिस्त्री मालकाची पुढली दुरुस्तीच खर्चून टाकतो. धन्याला हे दिसत नाही. तिथे विश्वासाखेरीज दुसरे माप नाही.

नव्या लाइनरची भिंत मात्र आरशासारखी ठेवत नाहीत. होनिंगच्या दगडाने तिच्यावर परस्परांना छेदणाऱ्या बारीक रेघा उमटवतात. त्यांत तेल टिकते, आणि पहिल्या काही तासांत रिंग व भिंत एकमेकींना किंचित झिजवून जुळतात. या काळात एकदम जड नांगर लावू नये. पण जपणुकीच्या मायेने यंत्र नुसते रिकामे चालू ठेवणेही अपायकारक. भिंतीला चकाकी येते, रिंग बसत नाही, आणि निळा धूर परततो.

मराठीत झिजणे म्हटले की चंदन आठवते, आणि चंदनाबरोबर त्याग. कार्यशाळेत या शब्दाला आणखी एक अर्थ आहे. तिथे झीज ही जशी सरत जाणारी शिल्लक, तशीच दोन नव्या वस्तूंची पहिली ओळख. ती ओळख कामाच्या बेताच्या भाराखालीच होते.