बंदराला सातबारा नसतो

रविवार, १२ जानेवारी २०२५, हरसूल

सकाळी थोरलीचा फोन. शिवडीला घर बघितलंय म्हणाली, एकदा येऊन जा.
"मला मुंबईतलं काय कळतं, बाई?"
"घर नका बघू दादा, कागद बघा. गावात सगळ्यांचे कागद तुम्हीच वाचता ना?"

ते मात्र खरं. जन्मभर मास्तरकी केली, पण निवृत्त झाल्यापासून लोक येतात ते वारसनोंद, फेरफार, वनपट्टा वाचून घ्यायला. कागद वाचताना मी एकच सवय ठेवली आहे : आधी आकार बघायचा नाही, आधी मालकाचं नाव बघायचं.

थोरली मुंबईत नर्स. जावई न्हावा-शेव्याला कंटेनरच्या गोदामात सुपरवायझर. गेल्या वर्षी याच तारखेला अटल सेतू सुरू झाला. जवळजवळ बावीस किलोमीटर, त्यातला बराचसा समुद्रावरून. आता कंपनीची बस शिवडीहून थेट पलीकडे जाते. म्हणून शिवडी.

मंगळवार, १४ जानेवारी

भाऊ तिळगूळ घेऊन आला. घराचं सांगितलं तर पहिला प्रश्न, "शिवडी म्हणजे सोमय्या मैदानाच्या अलीकडं का पलीकडं?" मुंबईचा त्याचा नकाशा तिथूनच सुरू होतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून निघालेल्या शेतकऱ्यांच्या मोर्चात तो चालत गेला होता. सहा दिवस. शेवटच्या रात्री सोमय्या मैदानात पाठ टेकली न टेकली तोच उठून आझाद मैदानाकडे निघाले, कारण सकाळी दहावीच्या पोरांचा पेपर होता, रस्ता अडायला नको. तळपायाची सालटी निघाली होती. त्याची मागणी एकच : कसतोय त्या जंगलजमिनीचा कागद द्या.

त्याला पट्टा मिळाला, पाऊण हेक्टरचा. २००६ च्या कायद्याने मिळालेला हा कागद मुलाबाळांकडे जातो, पण विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. आणि लग्न झालेल्या माणसाचा असेल तर नवरा-बायको दोघांचं नाव त्यावर लागतं. वहिनीचं नाव आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या जमिनीवर लागलं असेल, तर त्या पट्ट्यावर.

शनिवार, १८ जानेवारी, मुंबई

काल वाघेरा घाट उतरून, गिरणाऱ्यावरून नाशिकला मुक्काम. पहाटे पंचवटी एक्स्प्रेस, मग सीएसएमटीवरून हार्बरची लोकल. डावी बाजू सोडून उजवीकडची खिडकी धरली. मस्जिद, सँडहर्स्ट रोड, डॉकयार्ड रोड, रे रोड, कॉटन ग्रीन, शिवडी. रुळांच्या पूर्वेला गोदामांची छपरं, गंजके पत्रे, मध्येच एखादी क्रेन. आणि पश्चिमेला, जुन्या गिरण्यांच्या जागेवर, मान मोडेपर्यंत वर बघावं लागेल असे टॉवर. लोकलच्या एका डब्यात बसून दोन मुंबई दिसतात. एकीवर बंदराची मालकी, दुसरीवर बिल्डरची.

थोरलीची भाड्याची खोली दहा बाय बारा. नळाला मात्र जोर आहे. नात म्हणाली, "आजोबा, पाणी कुठून येतं?" म्हटलं, तुझ्या आजोळाकडूनच. वैतरणा आमच्या त्र्यंबकच्या डोंगरात उगवते. तिचं पाणी अडवून इकडे आणलंय. एप्रिलमध्ये आमच्या पाड्यांवर बाया हंडे घेऊन कुठवर जातात, ते तिला सांगितलं नाही.

रविवार, १९ जानेवारी

दिवसभर घरं. एजंट पोरगा चुणचुणीत.

पहिलं, टॉवरमधलं. नमुना म्हणून सजवलेला फ्लॅट दाखवला. विसाव्या मजल्यावरून खाडी दिसेल, फ्लेमिंगो दिसतील. किंमत ऐकून आम्ही तिघं एकमेकांकडे न बघता लिफ्टकडे बघू लागलो. तरी विचारलं, "आत्ता किती भरायचे?" म्हणाला वीस टक्के. २०१६ च्या रेरा कायद्याप्रमाणे करार नोंदवण्याआधी दहा टक्क्यांवर घेता येत नाही, असं म्हटल्यावर त्याने मला पहिल्यांदा नीट पाहिलं. धोतर-टोपीतल्या माणसाला कायदा माहीत असतो, हे त्याच्या गणितात नसावं.

दुसरं, रुळाच्या पूर्वेला. चाळीवजा तीन मजली इमारत, खोल्या मोठ्या, वारा भरपूर, भाव निम्मा. थोरलीचा जीव तिथे अडकला. गॅलरीतून चिखलात उभे गुलाबी पक्षी सरळ दिसत होते. मी विचारलं, "जमीन कुणाची?"
"पोर्ट ट्रस्टची. पण साठ वर्षं लोक राहतायत, काका."
"भाडेपट्टा कधी संपतो?"
"ते होऊन जातं."

'होऊन जातं' हे शब्द मी तलाठी कार्यालयाच्या ओसरीवर इतक्या वेळा ऐकलेत की ते कानावर पडले की मी चष्मा लावतो. पट्टा संपून गेलेला. नूतनीकरण नाही. हस्तांतराला जमीनमालकाची संमती लागते, ती नाही. बँक कर्ज देणार नाही, म्हणूनच भाव निम्मा.

संध्याकाळी शिवडीच्या बीडीडी चाळीपुढून आलो. शंभर वर्षांपूर्वीच्या या चाळी. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्गावरच्या त्यांच्या बहिणींचा पुनर्विकास म्हाडाने हाती घेतला. शिवडीची तेवढी मागे राहिली. कारण तेच : खालची जमीन बंदराची.

सोमवार, २० जानेवारी

जावयाने सुट्टी काढली. मला बॅलार्ड इस्टेट दाखवायला नेलं. काय देखण्या इमारती, सगळ्या एका उंचीच्या, एका ओळीत. विलायती गावच आणून ठेवल्यासारखं. ही जमीन समुद्रात भर घालून केलेली. अलेक्झांड्रा गोदी, म्हणजे आताची इंदिरा गोदी, १९१४ ला उघडली. ती खणताना निघालेला मुरूम-दगड इथे टाकला आणि त्यावर ही वसाहत उभी केली. म्हणजे बंदराने स्वतः जमीन जन्माला घातली आणि पोटच्या लेकरासारखी स्वतःच्या नावावर ठेवली. विकली नाही, पट्ट्याने दिली.

त्याने पलीकडे बोट दाखवलं. प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची. व्हिक्टोरियातच १४ एप्रिल १९४४ ला 'फोर्ट स्टिकिन' जहाज फुटलं. दारूगोळा, कापूस आणि सोन्याच्या विटा एकाच पोटात. शेकडो माणसं गेली. आता त्या दोन्ही गोद्या बुजवून टाकल्यात.
"मग जहाजं?"
"ती १९८९ पासून आमच्याकडे वळली, न्हावा-शेव्याला. इथे पाणी उथळ, मागे शहर दाटलेलं, ट्रकला हलायला जागा नाही."

गंमत बघा. काम पलीकडच्या काठावर गेलं, आणि कामाने सोडलेला हा काठ आता 'समुद्रदर्शन' म्हणून महाग होणार. बंदराकडे मुंबईत अठराशे एकरांच्या आसपास जमीन; ती शहरासाठी कशी खुली करावी याचा अहवाल राणी जाधव समितीने २०१४ लाच दिलाय. बागा, धक्के, क्रूझ टर्मिनल, सगळं चित्रात. पण चित्रातल्या माणसांत कालच्या त्या इमारतीतली माणसं असतील का, हे जावयालाही सांगता येईना.

शनिवार, २५ जानेवारी, हरसूल

षट्तिला एकादशी. निवृत्तीनाथांच्या यात्रेने त्र्यंबक फुललेलं. परतताना एसटीत उभ्याने आलो. दिंड्यांमुळे दोन तास जास्त लागले, तक्रार नाही.

रात्री थोरलीने तिच्या मैत्रिणीला फोनवर घेतलं. दोघी नाशिकला बरोबर शिकल्या. ती आता लिव्हरपूलला नर्स आहे. तिथेही जुनी गोदी, तिथेही गोदामांची घरं झालेली. अल्बर्ट डॉक १८४६ चं, १९७२ ला बंद पडलं, ऐंशीच्या दशकात दुरुस्त होऊन दुकानं-संग्रहालयांनी गजबजलं. काठावर पुढे इतकी नवी बांधकामं झाली की २०२१ ला युनेस्कोने शहराचा जागतिक वारशाचा मान काढून घेतला. तिचा फ्लॅटही गोदामातला, विटांची उघडी भिंत, मोठी खिडकी.
मी सवयीने विचारलं, "जमीन कुणाची?"
ती हसली. "काका, इथे फ्लॅट म्हणजे पट्टाच. माझा १२५ वर्षांचा. जमिनीचा मालक वेगळा, त्याला वर्षाला भाडं." नव्या पट्ट्यांवर असं भाडं घ्यायला २०२२ च्या कायद्याने बंदी आली, पण तिचा पट्टा आधीचा. वर देखभालखर्च दरवर्षी वाढता.
म्हणजे तिथेही तेच. फरक इतकाच की तिच्या कागदावर १२५ चा आकडा स्पष्ट लिहिलेला आहे, 'होऊन जातं' असं लिहिलेलं नाही.

फोन ठेवल्यावर कॉटन ग्रीन स्टेशन आठवलं. १८६१ ला अमेरिकेत यादवी पेटली, तिकडचा कापूस थांबला आणि मुंबईहून जहाजं भरभरून लिव्हरपूलला गेली. त्या पैशावर मुंबईत समुद्र बुजवायच्या कंपन्या निघाल्या. १८६५ ला युद्ध संपलं, भाव कोसळला, कंपन्या बुडाल्या. समुद्राकाठच्या जमिनीवर भुलणं या शहराला नवं नाही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

रिझर्व्ह बँकेने रेपो दर पाव टक्क्याने उतरवला. थोरलीने लगेच हिशोब पाठवला. सत्तर लाखांचं कर्ज, वीस वर्षं : साडेआठ टक्क्यांनी हप्ता ६०,७४७, सव्वाआठने ५९,६४५. महिन्याला अकराशे वाचतील. खाली लिहिलंय, 'नातीच्या शाळेची रिक्षा निघाली.'

रविवार, ९ फेब्रुवारी

आता तिसरं घर. शिवडीलाच, रुळाच्या पश्चिमेला. तिसरा मजला, एक खोली-स्वयंपाकघर, किंमत अठ्ठ्याण्णव लाख. खिडकीतून शेजारच्या इमारतीची पाईपलाईन दिसते. थोरली नाराज. मी कागद मागवले आणि दोन रात्री वाचले. भोगवटा प्रमाणपत्र आहे. जमिनीचं अभिहस्तांतरण होऊन मालमत्ता पत्रकावर सोसायटीचं नाव चढलेलं आहे. शहरात सातबारा नसतो, त्याचं काम हे पत्रक करतं. जमिनीचा मालक कोण, तर वर राहणारेच.

आता नावाचा प्रश्न. मुंबईत मुद्रांक शुल्क सहा टक्के, एकट्या बाईच्या नावावर घेतलं तर पाच. अठ्ठ्याण्णव लाखांवर अठ्ठ्याण्णव हजारांचा फरक. पण जावयाचं नाव घातलं की सवलत गेली. तो म्हणाला, "तिच्याच नावावर होऊ द्या." म्हणाला खरा, पण हप्त्यात त्याचाही घाम आहे. म्हणून मी थोरलीला भावाच्या पट्ट्याची झेरॉक्स पाठवली, दोन नावांची. काही लिहिलं नाही.

रविवार, १६ फेब्रुवारी

ठरलं. दोन्ही नावं. थोरली म्हणाली, "अठ्ठ्याण्णव हजार गेले तुमच्या झेरॉक्सपायी." करारापूर्वी काय काय करायचं ते कागदावर उतरवून दिलं : शोध अहवाल, सोसायटीचा ना-हरकत दाखला, विकणाऱ्याच्या नावे एक टक्का टीडीएस, नोंदणीचे तीस हजार.

संध्याकाळी भाऊ आला. घराचा फोटो दाखवला. पाईपलाईन बघून तो काही बोलला नाही. मग विचारलं, "हे इकता येतं?"
"येतं."
"गहाण पडतं?"
"बँकेकडे पडेलच. वीस वर्षं."
तो बराच वेळ फोटोकडे बघत राहिला. "मंग माझ्यापरीस तिलाच जास्त जपाया लागंल," म्हणाला, आणि पोरीसाठी आणलेली नागलीची पिशवी ओसरीवर ठेवून गेला.