अण्णांच्या रॅलेला रंग देऊ नकोस

तेर, जि. धाराशिव
आषाढ

चि. बाळास,


फोनवर तू पावडर कोटिंगचं काढलंस आणि मी विषय बदलला. फोनवर तुझ्याशी वाद घालून घरात कोणी जिंकलेलं नाही, म्हणून हे पत्र. अण्णांची रॅले सायकल तुझीच आहे. पुण्याला ने, खुशाल चालव. पण फ्रेम सँडब्लास्टिंगला द्यायची नाही.

आपल्या गावाचा न्याय तू लहानपणापासून बघतोस. पाऊस झाला की पांढरीच्या टेकाडांतून मणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, मातीच्या बाहुल्या वर येतात. रामलिंगप्पा लामतुरे यांनी आयुष्यभर हेच वेचून जपलं आणि त्यातून गावात संग्रहालय उभं राहिलं. सातवाहनांच्या काळातली भाजलेली माती अजून नाकीडोळी नीटस आहे. लोखंड मात्र मातीत पडून राहिलं की त्याचा तपकिरी गोळा होतो, विळा की खिळा ते ओळखू येत नाही. गोरोबाकाका कुंभारांच्या गावात माती लोखंडाला पुरून उरते. त्यात नवल नाही म्हणा. पोलाद भट्टीत जबरदस्तीने खनिजातून वेगळं काढलेलं असतं. पाणी आणि ऑक्सिजन मिळाला की ते परत निघतं. वर गंजाचा थर सच्छिद्र आणि मूळ लोखंडापेक्षा फुगीर. तो खालच्या धातूला झाकत नाही, उलट ओल धरून ठेवतो.

आता तुझा युक्तिवाद असा, की जुना रंग उडालाय, नवा दिला की गंज थांबेल. जुना रंग म्हणजे नुसता काळा रंग नव्हे रे. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे नॉटिंगहॅमच्या कारखान्यात फ्रेमवर आधी फॉस्फेटचा थर चढवत, त्यावर काळं एनॅमल भट्टीत भाजत. रॅलेवाले जाहिरातीत त्याची फुशारकी मारायचे. दिल्लीचा लोहस्तंभ सोळाशे वर्षं उघड्यावर उभा आहे, त्यामागेही त्या लोखंडातला फॉस्फरस आणि त्यातून बनलेला फॉस्फेटचा पापुद्राच आहे. वाळूचा मारा केलास की एनॅमल, त्याखालचा थर, सोनेरी रेघा, सगळं एका दुपारात साफ. नव्या कोटिंगवाल्यांकडेही फॉस्फेटची टाकी असते, मान्य. पण रेघा कोण देणार? आणि पावडरचा जाड थर कुठे तडकला की ओल त्याच्याखालून सरकत जाते, वरून सायकल नवीकोरी दिसत राहते. अण्णांच्या एनॅमलवर गंज निदान दिसतो तरी.

खरा शत्रू आत आहे. सीटपाईप जिथे फ्रेमच्या नळीत बसतो तिथे मागच्या बाजूला फट असते. पावसात मागच्या चाकाचं पाणी नेमकं तिथेच उडतं, आत उतरतं आणि पॅडलच्या एक्सलपाशी साचतं. मागे सायकल ओव्हरऑईलला दिली तेव्हा मिस्त्रीने त्या एक्सलचा (बी.बी.चा) कप काढला, तर आतून लाल चिखल पडला आणि छर्रे खरबरीत झालेले. बाहेरून फ्रेमवर डागसुद्धा नव्हता. म्हणून भिजून आलास की सीट काढायची, सायकल उलटी करून पाणी निथळू द्यायचं, रात्रभर तशीच ठेवायची. सीटपाईपला ग्रीस लावूनच परत बसवायचा, नाहीतर तो आत गंजून असा धरतो की फ्रेम कापावी लागते.

आतून लावायला बेलतेल आण. रंगाच्या दुकानात उकळलेलं मिळतं. आपल्याकडच्या जवसाचंच ते. हवेतला ऑक्सिजन घेऊन ते सुकतं आणि नळीच्या आत पातळ कातडं धरतं. करडईचं तेलही थोडंफार सुकतं, पण फार वेळ लावतं. शेंगदाण्याचं आणि खोबऱ्याचं सुकतच नाही, नुसती धूळ गोळा करतं. घरात आहे म्हणून ते ओतू नकोस. नळीत थोडं ओतायचं, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरवायची, जास्तीचं गाळून घ्यायचं आणि काही दिवस सायकलला हात लावायचा नाही. बाहेर जिथे एनॅमल उडालंय तिथे तेलाचं फडकं फिरवलं तरी पुरे. पॉलिश पेपर लावू नकोस, चांगल्या रंगावर ओरखडे उठतात. रिमच्या क्रोमवरचे डाग पोळ्या गुंडाळायच्या फॉइलचा बोळा ओला करून घास, छान निघतात. अॅल्युमिनियम क्रोमपेक्षा मऊ असल्याने चरे पडत नाहीत.

एक मात्र नक्की पाळ: तेलाची फडकी चुरगाळून कोपऱ्यात टाकू नकोस. बेलतेल सुकताना तापतं, आणि बोळ्यातली उष्णता बाहेर पडली नाही तर फडकं आपोआप पेटतं. पसरून बाहेर वाळव.

आणि सायकल ठेवायची कुठे हे रंगापेक्षा महत्त्वाचं. आपल्याकडची हवा वर्षातले आठ महिने कोरडी. दमटपणा साधारण 60 टक्क्यांच्या वर गेला की पाऊस नसला तरी लोखंड गंजायला लागतं, आणि ते पावसाळ्यातच. पण तुझ्या वडिलांनी सायकल खताच्या खोलीत, पोटॅशच्या पोत्यांना टेकवून ठेवली होती. पोटॅश म्हणजे क्लोराइडचं मीठ. ते हवेतली ओल ओढतं आणि गंजाला वेग देतं. कोकणात समुद्र जे करतो ते आपण पोत्यांनी करून घेतलं. साखळीकडच्या नळीवरचे खड्डे त्याचेच. आता ती माजघरात असते, येणारे-जाणारे अडखळतात, चालायचंच. पुण्यात बाल्कनीत ठेवणार असशील तर आधीच सांग, मग मी पाठवतच नाही.

पुढच्या नळीवरचा बगळ्याचा पितळी बिल्ला मी चिंचेने घासलेला नाही, तूही घासू नकोस.

गणपतीत नेणार असशील तर टेम्पोवाल्याला आत्ताच सांगून ठेवते. सीट वेगळी बांधून देईन. तिच्या स्प्रिंगांना अजून तेल लावायचं राहिलंय, आणि चामडं उंदरांनी एका बाजूने कुरतडलंय, तेवढं पुण्यात बघून घे.

तुझी
आत्या