सॉकेटची पकड

गाणं ऐकण्यासाठी घरात खोली लावायची ठरली, की स्पीकरवर महिनोन्‌महिने खल चालतो. ॲम्प्लिफायरची पिन ज्या भोकांत जाणार त्यांची आठवण मात्र भिंतीला रंग लागल्यावर होते. वायरिंगच्या कामात मला सगळ्यांत जास्त आस्था त्या भोकांबद्दलच आहे, आणि ती तंबोऱ्यामुळे.

काळी एकच्या षड्जावर लावलेल्या तंबोऱ्याची पहिली तार, मंद्र पंचमाची, साधारण 104 हर्ट्झवर बोलते. आपली वीज 50 हर्ट्झची. अर्थिंग बिघडलं की स्पीकरमधून जी घरघर येते, तिच्यात 50 बरोबर त्याच्या दुपटीचा, 100 चा स्वरही असतो. म्हणजे तीव्र मध्यम आणि पंचम यांच्यामध्ये अडकलेला एक बेसूर स्वर गवयाच्या मागे सतत धरलेला. चित्रपटगीतात तो झाकला जातो. विलंबित ख्यालात, गवई आलाप संपवून श्वास घेतो तेव्हा, उरलेल्या तंबोऱ्याला तो नासवतो. मला ते सहन होत नाही.

म्हणून सॉकेट घ्यायला जाताना मी प्लग बरोबर नेतो. दुकानातच तो घालून-काढून बघतो. पिन आत जाताना जोर लागला पाहिजे आणि बसल्यावर प्लग डुगडुगता कामा नये. आतल्या पितळी पट्टीची पकड सैल असली की स्पर्श कमी होतो, जागा तापते, ठिणगी उडते आणि स्पीकरमध्ये कडकड ऐकू येते. ॲम्प्लिफायरने 300 वॅट ओढले तरी 230 व्होल्टला ते दीड अँपिअरच्या आतच असतात; मग 16 अँपिअरचा पॉइंट कशाला, असं गिऱ्हाईक विचारतं. करंटसाठी नाहीच तो. 6 अँपिअरची पिन जेमतेम 5 मिलिमीटर जाड, 16 ची 7. जाड पिनेला धातूची जागा जास्त मिळते. अर्थात मागची केबलही तेवढी जाड हवी. सीडी प्लेअर, टर्नटेबल यांना 6 चा साधा तीन पिनांचा पॉइंट पुरतो.

कुठल्याही देशाचा प्लग गिळणारं मल्टी सॉकेट मी या भिंतीवर लावत नाही. युरोपातून आणलेल्या ॲम्प्लिफायरचा गोल प्लग त्यात बसतो खरा, पण त्याच्या कडेच्या अर्थच्या पट्ट्यांना काहीच टेकत नाही. मग पत्र्याला हात लावला की झिणझिण्या येतात. तो प्लगच बदलावा. हौशी मंडळी अमेरिकेतलं हिरव्या ठिपक्याचं हॉस्पिटल ग्रेड सॉकेटही मागवतात. त्याची पकड उत्तम असते, पण त्यावर 125 व्होल्ट लिहिलेलं असतं. त्याच्यामागे 230 देणार नाही, हे मी स्पष्ट सांगतो.

पॉइंट मात्र सगळे एकाच बोर्डावर हवेत. डीबीपासून, म्हणजे घराच्या वितरण बोर्डापासून, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर वेगळी ओढायची, वाटेत कुठेही लूपिंग नाही, आणि अर्थ सगळ्यांचा एकच. ॲम्प्लिफायर एका भिंतीवर, सेट टॉप बॉक्स दुसऱ्या, त्यात केबलवाल्याची वायर बाहेरून स्वतःचा अर्थ घेऊन आलेली, की अर्थचा लूप तयार झालाच आणि घरघर सुरू. अशा वेळी कोणीतरी अर्थची पिन कापायला सुचवतं. घरघर खरंच थांबते, आणि आत कधी फेज पत्र्याला लागली तर ती माणसातून जमिनीत जाते. एवढ्या एका गोष्टीवर मी काम सोडून आलेलो आहे.

स्क्रू आवळल्यावर प्रत्येक वायर ओढून बघतो. शेवटी ॲम्प्लिफायर चालू ठेवून न्यूट्रल आणि अर्थमधला व्होल्टेज मोजतो. तो दोन-तीन व्होल्टच्या वर गेला, तर कितीही भारी सॉकेट लावून उपयोग नाही. खाली मीटर रूमजवळचा अर्थिंगचा खड्डा बघावा लागतो. उन्हाळ्यात तो कोरडा पडलेला असतो. एप्रिल-मेमध्ये त्यात पाणी ओतत जा, असं सोसायटीच्या वॉचमनला सांगूनच मी निघतो.