जहाज आलं का?

"अंदमानात राहता? मग काय, रोज समुद्रकिनारा!" हे वाक्य ऐकलं की हसू येतं. २०१७ पासून आम्ही इथे आहोत (नवऱ्याची नोकरी, दुसरं काय). समुद्र रोज दिसतो खरा, पण घरात बोलणं होतं ते कांद्या-बटाट्याचं. चेन्नईहून जहाज यायला अडीच-तीन दिवस लागतात. हवा बिघडून ते लांबलं, की भाजी महागते. त्यामुळे "जहाज आलं का?" हाच इथला कुशलप्रश्न.

पोर्ट ब्लेअरचं नाव सप्टेंबर २०२४ मध्ये श्री विजयपुरम झालं. त्याआधी, जुलै २०२३ मध्ये, विमानतळाची नवी शिंपल्यासारखी इमारत उघडली. पाहुणे ती बघूनच म्हणतात, "केवढा विकास झालाय!"

झालाय की. पण माझ्यासाठी विकास म्हणजे एक तारीख आहे, १० ऑगस्ट २०२०. त्या दिवशी चेन्नईहून समुद्राच्या तळाने आलेली, सुमारे २३०० किलोमीटरची केबल सुरू झाली. तोवर आमचं इंटरनेट उपग्रहाच्या भरवशावर. २०१९ मध्ये सांगलीला बाबांना अर्धांगाचा झटका आला आणि त्यांची वाचा गेली. आता बोलूच न शकणाऱ्या माणसाला फोन करून करायचं काय? व्हिडिओ लावला, तर चित्र गोठून बसायचं. केबल आली आणि बाबा दिसायला लागले. इथे साडेपाचला अंधार, त्यांच्या खिडकीत अजून ऊन. डाव्या हाताने खूण करून रोज विचारायचे, जेवलीस का? जवळजवळ दीड वर्ष आम्ही असं 'बोललो'. मग बाबा गेले.

असो.

पण याच गावात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि उन्हाळ्यात नळाला दोन-दोन दिवस पाणी नसतं. उतार असा, की पाऊस पडला की धावत समुद्राला मिळतो. गावाची भिस्त मुख्यतः एका धनीखारी धरणावर. वीज बरीचशी डिझेलची, आणि डिझेल पुन्हा जहाजानेच येणार! अख्खा समुद्र ओलांडून केबल आणता येते, मग आपल्याच छपरावरचं पाणी का अडवता येऊ नये?

शेजारच्या बंगाली काकूंनी पत्र्याच्या पन्हळीला पाइप जोडून टाकी भरायची सोय कधीच करून ठेवली आहे. गेल्या मे महिन्यात, पावसाच्या तोंडावर, आम्हीही केली.

आई आता सांगलीला एकटीच असते. परत जायचं का, हा विषय घरात निघतो आणि तसाच राहतो. टाकी बसवली त्या संध्याकाळी व्हिडिओवर तिला दाखवली. तिने नीट बघून घेतली आणि म्हणाली, "दोन हजार लिटरची? बदली मागणारी माणसं एवढी मोठी टाकी घेत नाहीत गं."