दहा सेंटीमीटर

आमचं शिक्षण कॉन्व्हेंटचं, तेव्हा शुद्धलेखन सांभाळून घ्या!

तान्ह्या पोळ्याच्या आदल्या दिवशी महालात आजोबांकडे गेलो. ते धाकट्या बहिणीचा लाकडी बैल रंगवत होते. डिजिटल कॅमेऱ्यावर +१० ची क्लोज-अप लेन्स चढवली, धडाधड फोटो काढले. सगळे धूसर! लेन्सला मनसोक्त शिव्या घातल्या.

मग ट्यूब पेटली. +१० म्हणजे १/१० मीटर. १० सेंटीमीटरपलीकडचं स्पष्ट येणारच नाही. ऑटोफोकस बिचारा काय करणार? जवळ सरकलो. बैलाचं शिंग एकदम झकास आलं, पण त्याला टेकलेली आजोबांची बोटं धूसरच.

या वेळी चूक लेन्सची नव्हती. हात थरथरत होते.

होस्टेलपासून महाल अर्ध्या तासावर. तरी मला हे ठाऊक नव्हतं.